हुकमाचा ताबेदार

सेरोटोनिनच्या ग्राहींचं खटलं मोठं आहे: सात घराणी आणि चौदाच्या आसपास मंडळी. त्यातला फाइव्ह-एचटी-वन-बी (आपण नुसतं वन-बी म्हणू) हा हात आखडता घ्यायला लावणारा. अंगयष्टी प्रथिनाच्या एका साखळीची, पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार गेलेली. सेरोटोनिनचा रेणू चिकटला की हा आतल्या जी-प्रथिनाला जागं करतो आणि तंतूच्या टोकातून सुटणारं ग्लुटामेट कमी होतं. 

उंदराच्या पिल्लात याची नेमणूक नाजूक जागी असते. मिशीच्या प्रत्येक केसासाठी मेंदूच्या कॉर्टेक्समध्ये पिंपाच्या आकाराचा पेशींचा वेगळा पुंजका असतो. वूल्सी आणि व्हॅन डर लूस यांनी तो १९७० मध्ये दाखवला. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत थॅलॅमसकडून आलेले तंतू तिथे आपापली जागा धरतात आणि त्यांच्या टोकांवर वन-बी बसलेला असतो. थॅलॅमसच्या या पेशी स्वतः सेरोटोनिन बनवत नाहीत, पण तेवढ्या दिवसांपुरतं बाहेरचं शोषून घेतात. उसनवारीच म्हणायची!

फ्रान्समध्ये इंटरफेरॉनचं जनुक उंदरात घालताना ते चुकून एमएओ-ए या जनुकात जाऊन बसलं. सेरोटोनिन मोडणारं विकर गेलं, पिल्लांच्या मेंदूत सेरोटोनिन नऊपटीपर्यंत चढलं आणि पिंपं उमटलीच नाहीत. पहिल्या दिवसांत सेरोटोनिन बनणं औषधानं रोखलं, तेव्हा ती उमटली. मग पॅट्रिशिया गास्पार यांच्या गटानं २००१ मध्ये त्याच उंदरांतून वन-बी काढून टाकला. सेरोटोनिनचा पूर कायम, तरी पिंपं जागच्या जागी! नकाशा पुसला होता तो याच्या आज्ञाधारकपणानं. पुरातही हा प्रत्येक रेणूचा हुकूम बजावत राहिला.

गंमत म्हणजे सेरोटोनिन बेताचं असताना वन-बी नसला, तरी पिंपं नीटच बनतात. मग हा तिथे करतो काय? माझ्या मते याचा खरा मान आधीच्या कामाचा आहे. बॉनिन आणि लेविट यांना २००७ मध्ये उंदराच्या भ्रूणात दिसलं, की वन-बी आणि त्याचा भाऊबंद वन-डी जागे असले, तर नेट्रिन-१ या रसायनाकडे ओढले जाणारे थॅलॅमसचे तंतू उलट त्यापासून दूर वळतात. आकर्षणाचं तिटकाऱ्यात रूपांतर करणं ही काही किरकोळ कारकुनी नव्हे.

माणसाच्या प्रौढपणी याची ओळख मायग्रेनवाल्यांना होते, नाव माहीत नसलं तरी. सुमाट्रिप्टानची गोळी मुख्यतः वन-बी आणि वन-डी यांना चिकटते आणि डोक्यातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात.