गेममधल्या सैन्याला तहान लागत नाही

आमच्या गल्लीतली बारावी झालेली तीन-चार पोरं सध्या रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मराठ्यांचं राज्य वाढवताहेत. लॅपटॉपवर. गेमचं नाव 'एम्पायर: टोटल वॉर'. 2009 चा, म्हणजे गेमच्या दुनियेत म्हाताराच. पण जुन्या लॅपटॉपवर चालतो, म्हणून इगतपुरीत अजून टिकून आहे. पत्रकारानं ऐकीव माहितीवर लिहू नये, म्हणून मीही दोन आठवडे खेळून बघितला. बायकोचं त्यावर काय म्हणणं पडलं ते इथे लिहीत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडच्या क्रिएटिव्ह असेम्ब्ली कंपनीनं केलेला हा खेळ 1700 ते 1799 या शतकाचा. ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, रशिया यांच्या पंगतीत मराठेही आहेत, आणि त्यांच्या बाजूनं खेळता येतं. नकाशावर वर्षाला दोन खेळ्या. कर बसवा, रस्ते करा, तह करा, सैन्य उभं करा. दोन सैन्यं भिडली की मात्र लढाई डोळ्यांसमोर चालू, विचार करायला कुणी थांबत नाही. एका सैन्यात वीस तुकड्या. तोफा टेकाडावर चढवल्या तर फरक पडतो, घोडदळ बगलेवर नेलं तर पायदळाची फळी मोडते, घाबरलेली तुकडी पळत सुटते.

आणि हे सगळं चांगलं केलंय, हे मोकळेपणानं सांगतो. 'मोबाईलनं पोरं बिघडवली' छापाची ही पोस्ट नाही. फळी म्हणजे काय, बगल उघडी पडते म्हणजे काय, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. या पोरांना ते बोटांनी कळलंय.

त्यातल्या एकानं मनानं लढाई मांडायची सोय वापरून पानिपतासारखी लढाई मांडली आणि जिंकली. मला म्हणाला, "काका, भाऊंनी घोडदळ असं फिरवायला पाहिजे होतं."

मी विचारलं, "तुझी घोडी काय खाऊन आली होती?"

त्याला प्रश्नच कळला नाही. त्याचा दोष नाही. गेममध्ये तो रकानाच नाही. सैन्याचा खर्च पैशात वजा होतो, दाणा आणि पाणी वेगळं मोजलं जात नाही. त्याच कंपनीनं पुढच्या वर्षी नेपोलियनवर गेम काढला, त्यात बर्फात आणि वाळवंटात माणसं गळायला लागली. आमच्या मराठ्यांच्या गेममध्ये ते नाही. आणि पानिपत तर तिथेच हरलं गेलं. अब्दालीनं रसद तोडली, डिसेंबर 1760 मध्ये रसद बघणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि 14 जानेवारी 1761 ला सैन्य बाहेर पडलं ते छावणीत उपासमार होती म्हणून.

आता आपल्या भागाकडे या. इथल्या लढाईत मैदान कमी आणि टाकी जास्त. रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' ज्यांनी वाचलंय त्यांना आठवेल: किल्ला बांधायच्या आधी पाणी बघायला सांगितलंय. एका झऱ्यावर विसंबू नका, तोफांच्या आवाजानं झरे कमी होतात, म्हणून टाकी खोदून ठेवा, असंही बजावलंय. गेम ज्या काळात सुरू होतो, साधारण त्याच काळातला हा ग्रंथ. म्हणजे ज्याला खरोखर राज्य चालवायचं होतं, तो माणूस तुकड्यांच्या आधी टाक्या मोजत होता.

नाशिकजवळचा रामशेज घ्या. 1682 मध्ये मोगलांनी वेढा घातला आणि पाच वर्षांहून जास्त काळ तो लहानसा डोंगर मिळाला नाही. लोखंडी तोफा नव्हत्या तर लाकडाच्या करून त्यावर कातडं चढवलं, असं मोगलांचाच इतिहासकार खाफीखान लिहितो. गेममध्ये हे दहा खेळ्यांचं काम झालं असतं, आणि मधल्या नऊ खेळ्यांत दाखवण्यासारखं काहीच नाही. गडावर बसून राहणं, धान्य पुरवणं, टाक्यात किती पाणी उरलं ते वाकून बघणं. कोण विकत घेईल असा गेम?

कुलंगवर गेलात तर कातळात ओळीनं खोदलेली टाकी बघा. कावनई बघा, 1760 च्या उदगीरच्या लढाईनंतर तहात पेशव्यांकडे आलेला. 1818 मध्ये त्र्यंबकगड पडला आणि मागोमाग कावनई धरून या भागातले सोळा किल्ले इंग्रजांच्या हाती गेले. लढाई एका ठिकाणी, किल्ले सोळा ठिकाणचे.

हे सगळं आज का लिहितोय? कारण आपल्या तालुक्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वैतरणेचं पाणी मुंबईला जातं, दारणेचं कालव्यानं खाली नगरकडे जातं, आणि एप्रिल उजाडला की आपल्याच वाड्या-पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. त्यातल्या काही वाड्या किल्ल्यांच्या अगदी पायथ्याला आहेत. वर तीन-चारशे वर्षांपूर्वीची टाकी गाळानं आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांनी भरलेली. किल्ल्यासाठी निधी आला की पहिली कमान उभी राहते, मग स्वागताचा फलक, मग फोटोसाठी कट्टा. साल्हेरसह बारा किल्ले जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, आनंदच आहे. पण त्रिंगलवाडीच्या टाक्यातला गाळ युनेस्को काढायला येणार नाही.

टाकी साफ केली म्हणून तालुक्याची तहान भागेल असं मी म्हणत नाही. तेवढं गणित मलाही येतं. पण मेमध्ये कुठल्या गडावरच्या कुठल्या टाक्यात पाणी असतं, याचा एक साधा कागद तरी तालुक्यात असावा की नाही?

परवा त्या पोराला म्हटलं, रविवारी कावनईला चल. मोजपट्टी आणि दोरी घेऊन. तो म्हणाला, "येतो, पण काका, लवकर निघू, ऊन फार असतं आणि वर जाताना पाणी लागेल." दोघांचं मिळून पाच लिटर घेतोय. आणखी कुणाला यायचं असेल तर सकाळी सहाला बसस्टँडवर या. आपापलं पाणी आणा.