रिळाची बैठक

नाशिक शहराच्या पश्चिमेस गोदावरीवर बांधलेले गंगापूर धरण १९६५ साली पुरे झाले. अशा विस्तीर्ण जलाशयाच्या काठी कोणी गळ टाकून बसलेला असला, म्हणजे त्याची लवलवती काठी आणि पाण्यावर ताणलेला दोरा पाहणाऱ्याच्या नजरेत भरतो. मुठीपाशी असलेला एक लहानसा भाग मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ज्या नळीवर दोऱ्याचे रीळ पक्के बसवितात, ती ही रिळाची बैठक होय.

हेन्री सलिव्हन थॉमस या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर १८७३ साली ग्रंथ लिहिला. त्या काळी काठ्या वेळूच्या असत. आता त्या बहुधा काचतंतूंच्या किंवा कार्बनतंतूंच्या करतात. साहित्य पालटले, परंतु हाताने काठी बनविणाऱ्याच्या अंगी लागणारा धीर काही पालटला नाही.

बैठकीच्या नळीचे पोट काठीहून रुंद असते. ही पोकळी भरण्यासाठी काठीवर थोडथोडे अंतर सोडून चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे उभारतात. नळी पुनःपुन्हा घालून पाहावी लागते. ती सैल राहिली तर डुगडुगते. फार घट्ट झाली तर आत सरकताना सारे एपॉक्सी खरवडून बाहेर येते आणि सांधा कोरडाच राहतो. मग काठीचा गुळगुळीत भाग काचकागदाने खरबरीत करून स्पिरिटाने पुसतात. वेढ्यांमधील जागा एपॉक्सीने काठोकाठ भरतात आणि नळी हळूहळू फिरवीत जागेवर आणतात. काठी डोळ्यांसमोर धरून रीळ आणि दोऱ्याच्या कड्या एका रेषेत आहेत ना, हे तेव्हाच पाहावयाचे. एकदा एपॉक्सी कठीण झाले, की चूक सुधारत नाही. त्यानंतर दिवसभर काठीला हात न लावणे, हेही कामच!

एवढा खटाटोप कशासाठी? दक्षिणेतील नद्यांत महाशीर नावाचा बलवान मासा असतो. कर्नल साइक्स यांनी त्याच्या एका जातीचे वर्णन १८३९ साली शास्त्रीय जगापुढे मांडले. हा मासा आता विरळ झाला आहे. लोणावळ्याजवळ वळवण तलावाकाठी टाटा कंपनीने १९७० च्या दशकात त्याची पैदास सुरू केली. जाणते लोक असा मासा धरला, तरी गळ काढून त्यास पुन्हा पाण्यात सोडतात. पण ऐन ओढीच्या क्षणी बैठक हातात फिरली, तर दोरा तुटतो आणि जबड्यात रुतलेला गळ घेऊन मासा खोल पाण्यात निघून जातो. माणसाच्या आळसाचे दुःख मुक्या जिवाला भोगावे लागते.

नळीखाली कोणते काम झाले आहे, हे पुढे कोणी उकलून पाहत नाही. ते एकट्या कारागिराला ठाऊक असते. त्याची परीक्षा माणसे घेत नाहीत. ती पाण्यातला मासा घेतो.