पायाखालची पाने

29 सप्टेंबर 2010 रोजी आधार क्रमांकांचे पहिले वाटप नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात झाले. आज दाखले, सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळेच संगणकावर चालते. याच जिल्ह्यातल्या धडगाव-मोलगीकडे लाइट गेली आणि यूपीएस संपत आला, की उघडे काम जसेच्या तसे वाचवायचा खात्रीचा मार्ग हायबरनेट. स्लीपमध्ये रॅमला थोडी वीज लागतच राहते. हायबरनेटमध्ये रॅममधले सगळे डिस्कवर उतरते आणि यंत्र पूर्ण बंद होते.

खरी कसोटी जागे होताना लागते.

लिनक्समध्ये बटण दाबले की आधी एक ताजा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सुरू होतो आणि डिस्कवर उतरवलेली रॅमची प्रतिमा वाचू लागतो. 8 जीबी रॅम म्हणजे 4 केबीची जवळपास 21 लाख पाने. जतन केलेले प्रत्येक पान आपल्या मूळ जागीच परत जायला हवे. पण त्यातल्या काही जागा या ताज्या कर्नलनेच अडवलेल्या असतात. म्हणून तेवढी पाने आधी सुरक्षित जागी उतरवून घेतात. मग असेंब्लीतला एक छोटा तुकडा ती मूळ ठिकाणी हलवतो, म्हणजे ज्याने त्याला कामाला लावले त्या कर्नलवरच लिहितो! जमीन सारवणारी बाई दाराकडे मागे सरकत येते, तशी त्यानेही आपली उभी राहायची जागा आधीच ठरवलेली असते: ज्यावर कुणी लिहिणार नाही असे एक पान.

जागा मिळाली तरी पत्ते सांभाळावे लागतात. प्रोसेसर प्रत्येक पत्ता पेज टेबलमध्ये बघून खरी जागा शोधतो, आणि ही टेबलेही रॅममध्येच असतात. त्यांच्यावरच लिहिले गेले तर सगळे संपले. त्यामुळे सुरक्षित पानांत तात्पुरती टेबले बांधतात. 64 बिटी इंटेल-एएमडी यंत्रांवर त्यात एक फट बरीच वर्षे राहून गेली होती. कर्नलच्या स्वतःच्या कोडपुरती ही टेबले ताज्या कर्नलच्याच टेबलांवर विसंबून होती. पुढे सुरक्षेसाठी केलेल्या एका बदलामुळे 2 एमबीच्या एका मोठ्या नोंदीचे कधीकधी 512 छोट्या नोंदींत तुकडे होऊ लागले. त्यांचे टेबल रॅममध्ये कुठेही पडे आणि प्रतिमा उतरताना पुसले जाई. शेवटची उडी मग भलतीकडेच. 2016 मध्ये लिनक्स कर्नलवर काम करणारे राफाएल विसोत्स्की यांनी तेवढा भागही सुरक्षित पानांत नव्याने बांधून ही फट बुजवली.

दोष जुना, उघडकीला आणला तो चांगल्या हेतूच्या बदलाने. ‘कधी सुरू होतो, कधी नाही’ ही गिऱ्हाइकाची तक्रार म्हणूनच कुठल्याही दुरुस्तीवाल्याने हसण्यावारी नेऊ नये.

आणि वापरणाऱ्यांनी एवढे करावे: रॅम बदलायची असेल तर हायबरनेट न करता यंत्र आधी रीतसर शटडाउन करा. हायबरनेट केलेल्या सिस्टिमच्या डिस्कवर दुसऱ्या सिस्टिममधून काहीही लिहू नका. तसे केले तर फायली खराब होऊ शकतात.