वाटेची डागडुजी

सायकल हें वाहन मनुष्यानें सपाट रस्त्यासाठीं निर्माण केलें, असा माझा अगदीं कालपरवांपर्यंत समज होता. पुण्यास कॉलेजांत असतांना मीं जी सायकल चालविली तिला पुढें टोपली होती, मागें कॅरिअर होतें, आणि एखादा खड्डा लागलाच तर मी खालीं उतरून चाकाला पोचा आला कीं काय तें पाहत असें. अशा मनुष्याच्या पोटीं, डोंगराच्या माथ्यावर सायकल खांद्यावरून वाहून नेऊन ती मुळ्या आणि धोंडे यांवरून खालीं पिटाळणारा मुलगा जन्मास यावा, ही नियतीची थट्टाच म्हणावयाची! त्याच्या सायकलीला पुढें-मागें स्प्रिंगा आहेत. तिची किंमत मी येथें लिहीत नाहीं. कारण हा अंक माझ्या वडिलांच्या हातीं पडण्याचा संभव आहे.

आम्ही चौदा वर्षें राहत आहों तें अ‍ॅशव्हिल हें गांव अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्याच्या पश्चिम भागांत, ब्लू रिज डोंगरांच्या कुशींत वसलेलें आहे. हे डोंगर सह्याद्रीसारखे उघड्या कातळाचे नाहींत. गोलसर, म्हाताऱ्या बैलाच्या पाठीसारखे, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत झाडांनीं झांकलेले. मिसिसिपी नदीच्या पूर्वेस सर्वांत उंच असें माउंट मिचेल हें ६,६८४ फुटांचें शिखर येथून फार दूर नाहीं. भोंवतालचें पिस्गा राष्ट्रीय अरण्य १९१६ सालीं स्थापन झालें. त्याच्या पांच वर्षें आधीं, नद्यांच्या उगमाकडचे डोंगर सरकारनें विकत घेऊन राखावेत, असा कायदा त्या देशांत झाला होता. लांकूडतोडीनें बोडके झालेले डोंगर पाणी धरून ठेवीत नाहींत आणि खालच्या खोऱ्यांना पुराच्या तोंडीं देतात, हें तोंवर पुष्कळांच्या ध्यानांत आलें होतें. त्याच १९१६ च्या जुलै महिन्यांत अ‍ॅशव्हिलला असा पूर आला कीं, पुढें शंभर वर्षें म्हातारीं माणसें त्याच्याच खुणा दाखवीत. आतां त्या कोणी दाखवीत नाहीं.

२६ सप्टेंबर २०२४ च्या रात्रीं हेलीन नांवाचें चक्रीवादळ फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर आदळलें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या डोंगरांवर येऊन पोहोंचलें. इशारे आधींपासून मिळत होते. परंतु मी पडलों रत्नागिरी जिल्ह्यांतला. पाऊस मला कोणीं शिकवावा? शेजारी दुकानांतून पाण्याचे बुधले आणीत होते, तेव्हां मी खिडकींत चहा पीत बसलों होतों, हें आज लिहितांना लाज वाटते. वादळाच्या आधींच्या पावसानें जमीन अगोदरच तुडुंब भिजलेली होती. माउंट मिचेलच्या जवळच्या बुसिक या ठिकाणीं तीन दिवसांत तीस इंचांहून अधिक पाऊस मोजला गेला. आमच्या कोंकणच्या कातळाला कदाचित् तो पेलला असता; पण येथें खडकावर मातीचा पातळ थर आहे, आणि तो थर झाडांसकट खालीं सुटला. वादळाच्या वाटेवर दोन हजारांहून अधिक दरडी कोसळल्याची नोंद पुढें झाली. फ्रेंच ब्रॉड नदीनें १९१६ चा विक्रम मोडला. एकट्या उत्तर कॅरोलायना राज्यांत शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. धरणाकडून गांवाकडे येणारे नळ वाहून गेले, आणि पिण्याजोगें पाणी आमच्या नळाला आलें तें त्रेपन्न दिवसांनीं. तोंपर्यंत मी ओढ्यावरून बादल्या वाहिल्या. चहा पिणाऱ्याला तेवढी शिक्षा योग्यच होती.

आमचे चिरंजीव त्या दिवसांत घरांत नसतच. रानांतल्या वाटांवर आडवीं पडलेलीं झाडें कापण्याचें रीतसर शिक्षण त्यानें आणि त्याच्या सोबत्यांनीं पूर्वीच घेतलें होतें. यांत्रिक करवत चालविण्याचा परवाना काढावा लागतो, तोहि त्यांच्याजवळ होता. त्यामुळें वादळानंतर रस्ते मोकळे करण्यास हीं सायकलवालीं पोरें उपयोगीं पडलीं. ज्या खिंडींतून मोटार जाईना तेथें तीं पायीं गेलीं, आणि वर अडकलेल्या म्हाताऱ्यांना औषधें व पाणी देऊन आलीं. तो रात्रीं घरीं येई तो भुशानें माखलेला असे. जेवतां जेवतां झोंप घेई. बाप म्हणून मला त्याचा अभिमान वाटला, आणि तो मीं त्याला बोलून दाखविला नाहीं. आमच्या घराण्याची ती पद्धतच नाहीं.

पुढें हिवाळा आला. फेब्रुवारी महिन्यांत एके शुक्रवारीं रात्रीं तो म्हणाला, "बाबा, उद्यां आम्ही वाटेच्या कामाला जाणार."

"कुठल्या वाटेच्या?"

"सायकलच्या."

माझा तोल सुटला. "अरे, स्वानानोआंत लोकांचीं घरें अजून चिखलांत उभीं आहेत, माणसें तंबूंत आणि गाड्यांत राहताहेत. आणि तुम्हांला खेळायच्या वाटा सुचतात?"

त्यानें उत्तर दिलें नाहीं. ताट उचलून तो आंत गेला. पुढले दोन शनिवार तो पहांटे उठून गेला आणि आम्ही एकमेकांशीं दूध, किल्ल्या आणि हवामान यांपलीकडे कांहीं बोललों नाहीं. तिसऱ्या शनिवारीं त्याची आई मला म्हणाली, "तुम्ही एकदां जाऊन तर पाहा. मग बोला." मी गेलों. काम करण्याच्या हेतूनें नव्हे. पाहून आल्यावर अधिक अधिकारानें बोलतां येईल म्हणून गेलों, हें कबूल करणें बरें.

जागा होती अ‍ॅशव्हिलच्या पूर्वेस पंचवीस मैलांवरच्या ओल्ड फोर्ट या गांवाच्या वरच्या रानांत. 'जुना किल्ला' हें नांव ऐकून मराठी मनुष्य मान वर करून बुरूज शोधूं लागतो. पण तो किल्ला म्हणजे अठराव्या शतकांतली सरहद्दीवरची एक लांकडी गढी. रान सर्वसाधारण लोकांस बंद होतें. वनखात्याची परवानगी असलेल्या स्वयंसेवकांनाच आंत सोडीत. आम्ही वीसेक जण होतों. त्यांत एक दंतवैद्य होता, बिअरच्या कारखान्यांतले दोघे होते, एक निवृत्त शिक्षक होते. सर्वांच्या डोक्यावर टोप्या, हातांत हातमोजे. मलाहि एक अवजार देण्यांत आलें: एका बाजूस दांताळें, दुसऱ्या बाजूस फावड्यासारखें पातें. दुसऱ्या एकाजवळ पुलास्की नांवाचें अवजार होतें: एका अंगाला कुऱ्हाड, दुसऱ्या अंगाला कुदळीचें आडवें पातें. १९१० सालच्या भयंकर वणव्यांत आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यांत नेऊन वांचविणारा जो आयडाहोमधला वनाधिकारी, त्याचें हें नांव. अवजाराच्या रूपानें माणसाचें नांव उरावें, हें पुतळ्याहून मला तरी बरें वाटतें.

वाट कोठें होती हें प्रथम मला दिसेनाच. ओक आणि ट्युलिप पॉप्लर यांचीं प्रचंड झाडें एकावर एक, शिपाई तोंडघशीं पडावेत तशीं, एकाच दिशेस पडलेलीं. झाड मोडलेलें नव्हे, मुळांसकट उपटलेलें. मुळांना धरून मातीची एक उभी भिंत, दोन पुरुष उंच, आणि तिच्यामागें खड्डा. अशा झाडाचें खोड कापलें कीं वजन सुटतें, आणि ती मुळांची भिंत बुंध्यासकट धाडकन् मागें खड्ड्यांत जाऊन बसते. त्या खड्ड्यांत कोणी उभा असेल तर संपलाच. वांकून ताणलेलें लहान झाड तर त्याहून वाईट. करवत लागतांच तें चाबकासारखें उसळतें. माझा मुलगा एका खोडाभोंवतीं चारपांच मिनिटें नुसता फिरत होता. त्यानें आधीं आपली पळण्याची वाट साफ केली, सर्वांना वर उभें केलें, मग करवत चालू केली. घरीं मोजा सुद्धां जागेवर न ठेवणारा हाच मुलगा काय, असें मला वाटलें.

झाडें हटविल्यावर खरें काम सुरू होतें, आणि तें काम सायकलीचें नसून पाण्याचें आहे. डोंगरावरची वाट ही पाण्याला मिळालेली आयती पन्हळ होय. तिचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक असूं नये. अधिक झाला तर पाणी वाट सोडून उतरत नाहीं, वाटेवरूनच धांवतें. वाट बाहेरच्या अंगाला किंचित् कलती ठेवावयाची, म्हणजे पाणी पातळ होऊन ती ओलांडून जातें. आणि मधून मधून तिला खालीं नेऊन पुन्हां वर घ्यावयाची, म्हणजे चुकून आलेलें पाणी त्या खळग्याशीं बाहेर पडतें. आमच्या त्या वाटेचा एका वळणावरचा कांठच दरडीबरोबर गेला होता. तेथें दगडांची भिंत रचून वाट पुन्हां उभी करावयाची होती. चुना नाहीं, सिमेंट नाहीं, नुसते धोंडे.

दंतवैद्य महाशय एक धोंडा लांबट अंग बाहेर करून बसवीत होते. मी पाहत होतों. माझ्यानें राहवेना. मी म्हणालों, "असा नका घालूं. लांबी आंत डोंगरांत जाऊं द्या." आणि हातांतलें तें दांताळें टाकून मी खालीं बसलों.

आमच्या कोंकणांत अशा भिंतीला गडगा म्हणतात. गडगा रचावयाचा तो डोंगराकडे किंचित् रेलून. प्रत्येक धोंडा खालच्या दोन धोंड्यांवर बसला पाहिजे, सांध्यावर सांधा येतां कामा नये. आंतल्या पोकळींत कपच्या ठोकून भरावयाच्या, माती नव्हे. धोंडा बसला कीं नाहीं तें डोळ्यांनीं पाहावयाचें नाहीं, त्यावर उभें राहून पाहावयाचें. हें मला आजोबांनीं शिकविलें, तेव्हां मी दहा वर्षांचा असेन. तेथला जांभा दगड आणि येथला हा अभ्रकानें चमकणारा पट्ट्यापट्ट्यांचा दगड यांत साम्य कांहीं नाहीं. पण हातांना तें ठाऊक नव्हतें. दोन तास मी मान वर केली नाहीं. मुलगा केव्हां शेजारीं येऊन कपच्या निवडून देऊं लागला, तेंहि समजलें नाहीं.

"बाबा, हें तुला कुणीं शिकवलं?"

मीं त्याला आजोबा सांगितले, आणि मग ओघानें साकवहि सांगितला. आमच्या वाडीखालच्या ओढ्यावर पोफळीचे सोट टाकून, वर काठ्या विणून आणि माती लोटून दर वर्षीं साकव घालीत. पावसांत तो वाहून जाई. पाऊस सरला कीं घरटीं एक माणूस येई आणि तो पुन्हां उभा राही. एका वर्षीं फार मोठा पाऊस होऊन वाडींतल्या अनेक घरांच्या भिंती बसल्या होत्या. त्याहि वर्षीं साकव ठरल्या दिवशीं घातला गेला.

"साकवावरून तुम्ही कुठं जायचात? शाळेत?"

मी थांबलों. शाळेची वाट दुसरी होती, बाजाराचीहि. साकवाच्या पलीकडे होतें तें देऊळ, आणि देवळापुढच्या अंगणांत शिमग्याला होणारे खेळे. वर्षांतून चारदोन वेळां आम्ही तिकडे जात असूं. तें केवळ मौजेसाठीं.

"नाटक बघायला," मी म्हणालों.

तो कांहीं बोलला नाहीं. एक कपची मात्र त्यानें फार काळजीपूर्वक माझ्या हातांत दिली.

दुपारीं भाकरतुकडा खातांना माझ्याजवळ साठीच्या घरांतल्या एक बाई बसल्या होत्या. स्वानानोआला नदीकांठीं त्यांचें घर होतें. त्यांत छातीभर पाणी चढलें. त्या बहिणीकडे राहत होत्या. तरीहि दर शनिवारीं येत. सायकल त्यांनीं जन्मांत चालविली नव्हती. पूर्वीं या वाटेवर त्या कुत्र्याला फिरवीत असत. मला विचारावयाचें नव्हतें, पण विचारलें गेलें: घराचें काम सोडून इकडे कशा? त्या म्हणाल्या, "घरीं मला सगळ्यांसाठीं थांबून राहावं लागतं. विम्याचा माणूस, सरकारचा माणूस, सुतार. इथं मला कुणासाठीं थांबावं लागत नाहीं." त्या इंग्रजींत बोलत होत्या. आपण मराठींत थांबण्याला 'वाट पाहणें' म्हणतों, हें त्यांना सांगावें असें मनांत आलें. पण तें समजावून देण्यास भाकर संपून गेली असती. त्यांनीं पाण्याची बाटली झांकली आणि त्या उठून कामाला लागल्या.

मुलाला "तुझें बरोबर होतें," असें मीं अजून म्हटलेलें नाहीं. पुढच्या शनिवारीं पहांटे मी त्याच्याआधीं उठून डबे भरले, एवढेंच. मार्चमध्यें पोक परगण्याच्या बाजूस वणवे लागले. वादळानें पाडलेलीं वाळकीं झाडें हें त्यांचें सरपण झालें. त्या आठवड्यांत आम्हां सर्वांचीच नजर आभाळाकडे होती, आणि धुराचा वास घरापर्यंत येत होता. काम दोन शनिवार थांबलें, मग पुन्हां सुरू झालें. आमच्या टोळींत भिंतीला आतां सारे 'गॅडगा' म्हणतात. दंतवैद्य महाशय तर नव्या मंडळींना मी सांगितलें त्याहून अधिक नियम सांगतात.

उन्हाळ्यांत ती वाट खुली झाली. पहिल्या दिवशीं मी वळणाशीं जाऊन बसलों. एक एक सायकलस्वार वरून येई, गडग्यावरून सर्रकन् निघून जाई. खालीं कोणीहि पाहिलें नाहीं. पाहिलें असतें तर तो दरींत गेला असता, असें मुलाचें म्हणणें. जुलैंत एका रात्रीं मोठा पाऊस झाला. पूर्वीं अशा पावसांत मला छपराची काळजी वाटत असे. त्या रात्रीं मात्र जाग आली ती त्या वळणाच्या आठवणीनें, आणि खिडकींत येऊन पाहतों तों मुलगा अगोदरच तेथें उभा. उजाडतांच आम्ही दोघे निघालों. पाणी वाट ओलांडून, जेथून जावयास हवें तेथून गेलें होतें. वरच्या थरांतला एक धोंडा तेवढा निखळून खालच्या झुडपांत पडला होता. तो खालीं उतरला, धोंडा छातीशीं धरून वर घेऊन आला. आणि मीं लांबी आंत करून तो पुन्हां बसविला.