तीन तासांच्या आत

१.
एप्रिल २०२३. लोकसभेत लेखी उत्तर: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वाढीवर नियंत्रण ठेवणारा कायदा करण्याचा सरकारचा विचार नाही. चॅटजीपीटी येऊन तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते.

२.
मार्च २०२४ हा एवढा एकच महिना बघावा.

१ तारीख: माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची ॲडव्हायझरी. पुरेशी चाचणी न झालेलं एआय मॉडेल भारतात वापरायला द्यायचं तर आधी सरकारची परवानगी घ्या. काय कारवाई केली ते १५ दिवसांत कळवा.

४ तारीख: राज्यमंत्र्यांचा 'एक्स'वर खुलासा. हे बड्या प्लॅटफॉर्मसाठी आहे, स्टार्टअपनी घाबरू नये.

७ तारीख: मंत्रिमंडळाची इंडियाएआय मिशनला मंजुरी. १०,३७१.९२ कोटी रुपये.

१५ तारीख: सुधारित ॲडव्हायझरी. परवानगीची अट गायब.

मूळ पत्राला कायद्याचं बळ किती, यावर जाणकारांची चर्चा सुरू होती. तोवर पत्रच बदललं. हे सगळं सुरू होण्याच्या आठवडाभर आधी पंतप्रधानांविषयीच्या एका प्रश्नाला गूगलच्या जेमिनीने दिलेलं उत्तर गाजत होतं. संबंध ज्याचा त्याने लावावा.

३.
नोव्हेंबर २०२३. डीपफेकच्या धोक्याबद्दल बोलताना पंतप्रधानांनी स्वतःच्या गरब्याच्या व्हिडिओचं उदाहरण दिलं. पडताळणी करणाऱ्यांनी शोध घेतला. व्हिडिओ खराच होता. गरबा खेळणारे गृहस्थ मुंबईचे, दिसायला पंतप्रधानांसारखे.

४.
६ मे २०२४. निवडणूक आयोगाचा राजकीय पक्षांना आदेश: डीपफेक लक्षात आणून दिल्यावर तीन तासांच्या आत काढा.
त्याच दिवशी पंतप्रधानांनी स्वतःचा नाचतानाचा ॲनिमेटेड व्हिडिओ शेअर केला. पाहून आपल्यालाही मजा आली, म्हणाले.

५.
२९ जानेवारी २०२५: अर्थ मंत्रालयाचं परिपत्रक. कार्यालयातल्या संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक वापरू नका.
३० जानेवारी: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांची घोषणा. देश स्वतःचं मॉडेल तयार करणार.

६.
२०२४ मध्ये अरिजित सिंग, २०२५ मध्ये आशा भोसले. परवानगीशिवाय आवाजाची एआय नक्कल करण्याविरुद्ध दोघांनाही मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम दिलासा दिला. ज्यांचा आवाज सगळ्यांना पाठ, त्यांची सोय झाली. आळीतल्या भजनी मंडळापलीकडे ज्याचा आवाज कुणी ओळखत नाही, त्याने वकील कुठला लावायचा?

७.
ऑगस्ट २०२५: रिझर्व्ह बँकेच्या समितीने वित्तक्षेत्रातल्या एआयसाठी सात सूत्रं सांगितली. अध्यक्ष मुंबई आयआयटीचे पुष्पक भट्टाचार्य.
नोव्हेंबर २०२५: केंद्राची देशासाठीची मार्गदर्शक तत्त्वं. त्यात तीच सात सूत्रं. एक असं: रोखण्यापेक्षा नवनिर्मितीला झुकतं माप. वेगळा कायदा तूर्त नको, आहेत ते पुरेत.
त्यातल्या ज्या कायद्यावर मुख्य भिस्त, तो माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा.

८.
ऑक्टोबर २०२५, पुन्हा मुंबई उच्च न्यायालय. प्राप्तिकर खात्याच्या फेसलेस केंद्राने एका कंपनीवर करआकारणीचा आदेश काढला होता. आधाराला तीन न्यायनिवाडे. कंपनीने शोधले, सापडले नाहीत. कारण ते अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने आदेश रद्द केला आणि एआयच्या काळात यंत्राने समोर टाकलेलं अधिकाऱ्यांनी तपासून घ्यावं, असं बजावलं. आपण एवढे दिवस काळजी करत होतो ती खाजगी कंपन्यांच्या एआयची.

९.
लेबलाचा हिशेब. माहिती तंत्रज्ञान नियमांच्या ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात: कृत्रिम चित्राचा किमान १० टक्के भाग ते कृत्रिम असल्याचं सांगणाऱ्या लेबलाने व्यापलेला हवा. फेब्रुवारी २०२६ च्या अंतिम नियमांत टक्केवारी गेली, 'ठळक' एवढंच उरलं. न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावर मजकूर हटवायला आधी ३६ तास होते, आता तीन.
अधिसूचना १० फेब्रुवारीची, अंमल २० पासून. त्या दिवशी दिल्लीत जागतिक एआय परिषद चालू होती.

१०.
डिसेंबर २०२५. उद्योग खात्याच्या समितीचा प्रस्ताव: एआयला शिकवण्यासाठी वापरलेल्या साहित्याचं मानधन निर्मात्यांना मिळावं, मात्र वापराला नकार देता येणार नाही. मराठी लेखकाला यातलं मानधन नवं, नकार देता न येणं जुनंच.

११.
नागपूर, २०२४. पोलिसांना एआय पुरवण्यासाठी 'मार्व्हल' ही राज्य सरकारची कंपनी.
डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३, कलम १७: सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार अधिसूचना काढून सरकारी यंत्रणांना, म्हणजे पोलिसांनाही, कायद्यातून सूट देऊ शकतं.