शिल्लक किती?



दोन वर्षांपूर्वी आमच्या सासूबाईंनी सुपाला हात लावणं बंद केलं. वय ८१. "जीव दिसत नाही गं मला. माझ्या हातून हिंसा नको," एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या दृष्टिपटलाचा मधला भाग झिजलाय. समोर बघितलं की मधोमध धूसर डाग, कडेचं मात्र दिसतं. डॉक्टरांनी सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढवून आता उपयोग नाही. मग मीही मायेपोटी त्यांचं एकेक काम काढून घेतलं. पाणी गाळणं, कणीक मळणं, शेवटी स्वाध्यायाचं पुस्तकही; मीच वाचून दाखवू लागले. त्या दिवसभर खुर्चीत बसून राहायच्या.

भाचीने आग्रह केला म्हणून त्यांना अल्पदृष्टी विभागात नेलं. वाटलं, पुन्हा तोच अक्षरांचा तक्ता. तक्ता होताच. ६/६०, म्हणजे निकोप डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारं अक्षर यांना ६ मीटरवरून दिसतं. पण तिथल्या ताईंनी आधी विचारलं, "आजी, तुम्हाला घरी काय करायचंय?"

आई गप्प. मग हळूच म्हणाल्या, "तांदूळ निवडायचेत. आणि माझं पुस्तक मला वाचायचंय."

मग तपासणी त्या दिशेने गेली. एकाच आकाराची, पण फिकट होत जाणारी अक्षरं वाचायला दिली. दिवा डावीकडून, उजवीकडून धरून पाहिला. मान किंचित वळवून, कडेच्या नजरेने बघायला लावलं. जिना उतरायला लावला. शेवटी म्हणाल्या, "पुढच्या वेळी घरचे तांदूळ आणि पुस्तक घेऊन या."

दुसऱ्या खेपेला मीच चकित झाले. मी घरी स्टीलच्या ताटात, ट्यूबलाइटखाली तांदूळ द्यायची. ताट चकाकायचं, आईंचे डोळे दिपायचे. ताईंनी पांढऱ्या कापडावर तांदूळ पसरले आणि दिवा बाजूने लावला. पांढऱ्यावर पांढरं विरून गेलं, काळा किडा तेवढा उठून दिसला. आईंनी तो अलगद बाजूला ठेवला. जेवताना मात्र उलट: भात रंगीत ताटात वाढायचा, म्हणजे शीतं दिसतात. पुस्तकासाठी दिव्याचं उभं भिंग मिळालं. एकेक ओळ, पण स्वतःची.

सगळं जमलं असं नाही. तांदळातली पांढरी अळी त्यांना दिसत नाही, म्हणून दुसरा हात माझा. डाळी आणि रवाही मीच बघते. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी लावली आहे, आता त्या खाली बघत सावकाश उतरतात.

मी बी.कॉम. झालेली बाई. घरचा हिशेब पैशापैशाचा ठेवला. पण आईंच्या डोळ्यांचा हिशेब मांडताना फक्त खर्चाची बाजू लिहिली, शिल्लक मोजलीच नाही. त्यांची नजर आजाराने नेली, पण कामं मी नेली. या पर्युषणात त्याची क्षमा मागितली. आई म्हणाल्या, "राहू दे. आधी ते कापड आण, ऊन आहे तोवर तांदूळ उरकू."

तुमच्या घरी कुणाची नजर अधू झाली असेल, तर डॉक्टरांना अल्पदृष्टी तपासणीबद्दल जरूर विचारा. आणि त्याआधी त्या माणसालाच विचारा, काय करायचंय?