पाटीवरचं नाव

शिरूरहून न्हावऱ्याकडे निघालेला रस्ता भीमा ओलांडून पारगावला दौंड तालुक्यात शिरतो आणि केडगावावरून चौफुल्याला पुणे-सोलापूर महामार्गाला जाऊन मिळतो. दसरा झाला की या रस्त्यावर उसाच्या गाड्या सुरू होतात. त्यांच्या रांगेत मधूनच एखादा वेगळाच ट्रक दिसतो. गुंडाळलेली कनात, फळ्या, लोखंडी पेट्या, गाद्या, जनरेटर आणि या सगळ्यावर आडवी झालेली, उन्हात तोंडावर टॉवेल टाकून झोपलेली पोरं. ट्रकच्या अंगावर रंगीत अक्षरांत एक-दोन नावं आणि खाली ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’.

ऊसतोडीची टोळी आणि तमाशाचा फड एकाच हंगामात बाहेर पडतात, यात नवल काही नाही. दोघांचा बाहेर पडण्याचा करारही एकच असतो. ऊसतोडीला निघण्याआधी मजूर मुकादमाकडून उचल घेतो, तसा कलावंतही फडमालकाकडून उचल घेतो. पावसाळ्यात घर चालवायला, पोरीच्या लग्नाला, दवाखान्याला घेतलेले पैसे पुढे सात-आठ महिने नाचून, वाजवून, ओरडून फेडायचे. मालकानं ते पैसे स्वतःच्या खिशातून दिलेले असतात असंही नाही. तोही कुणाकडून तरी व्याजानं आणतो. म्हणजे पहिल्या गणाला ढोलकीवर थाप पडते तेव्हा सगळा फड आधीच देणेकरी असतो. तमाशातला माणूस मेला तरी खेळ थांबत नाही, याचं कौतुक शहरात फार होतं. त्या कौतुकात ही उचल सहसा कुणी धरत नाही.

शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई हे गाव तमाशाला फार जवळचं. एकाच गावाचं नाव आडनावासारखं लावणारे दोन कलावंत, गंगाराम कवठेकर आणि बशीर मोमीन कवठेकर, यांना राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला. दुसऱ्यांना तो 2018 सालचा. बशीर कमरुद्दीन मोमीन 1947 साली जन्मले आणि आयुष्यभर फडांसाठी लिहीत राहिले. गण, गवळणी, लावण्या, बतावणीचे सवाल, वग, सगळं. ‘सारं हायब्रीड झालं’ हे त्यांच्या एका गाण्याचं नाव. ज्या तालुक्यात हायब्रीड बियाण्याची पिशवी घराघरांत गेली होती तिथल्या माणसाला यात वेगळं काही समजावून सांगावं लागत नसे. दत्ता महाडिक, रघुवीर खेडकर, काळू-बाळू अशा फडांनी त्यांचं लेखन रंगमंचावर नेलं. एका लेखणीवर इतके फड जगले आणि ते सगळे एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते, हे जरा लक्षात घेण्यासारखं आहे.

12 नोव्हेंबर 2021 रोजी मोमीन गेले. त्याच वर्षी 25 मे रोजी संगमनेरला तमाशातल्या नायिका कांताबाई सातारकर करोनानं गेल्या होत्या. एकाच वर्षात फडांनी लिहिणारा माणूसही गमावला आणि बोलणारी बाईही.

कांताबाईंची गोष्ट मात्र 2021 पासून सुरू करून चालत नाही, तिला 1964 पर्यंत मागं न्यावं लागतं. त्या वेळी तुकाराम खेडकर हे फडाचं नाव होतं, आणि त्या फडात कांताबाई नायिका होत्या. ऐतिहासिक वगात त्या राणी म्हणून उभ्या राहिल्या की पुढं बसलेली माणसं बिडी विझवत, असं जुनी माणसं सांगतात. 1964 मध्ये तुकाराम खेडकर गेले. रीतीप्रमाणे पाहिलं तर कांताबाई त्यांच्या मुलांची आई होत्या, वगाची निम्मी ताकद होत्या, प्रेक्षक त्यांच्यासाठी तिकीट काढत होते. तरीही फड त्यांच्या हाती राहिला नाही. पदरात लहान मुलं घेऊन त्या बाहेर पडल्या, दुसऱ्यांच्या फडात कामं केली आणि काही वर्षांनी दत्ता महाडिक यांच्या जोडीनं पुन्हा उभ्या राहिल्या. या खेपेस पाटीवर त्यांचं स्वतःचं नाव होतं.

पुढं मुलगा रघुवीर सोंगाड्या म्हणून नावाला आला. मग पाटी झाली ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर लोकनाट्य तमाशा मंडळ’. आई हयात आणि रंगमंचावर उभी असतानाच मुलाचं नाव वर रंगवून झालं होतं. ही काही मायेपोटी केलेली वाटणी नव्हे. 1964 चा धडा ज्या बाईनं अंगावर काढला, तिनं तो रंगाऱ्याकडून पाटीवर लिहून घेतला असंच म्हणावं लागतं. म्हणूनच 2021 मध्ये ती गेली तेव्हा फडाचा मालक कोण, हा प्रश्न कुणाला विचारावा लागला नाही.

नाव लावणं आणि माणसं गेल्यावर चालू राहणं, यात फडाची तुलना एका परक्या बँडशी करून पाहता येते. पाश्चात्त्य पंक रॉकमध्ये न्यूयॉर्कचा रॅमोन्स हा बँड मोठा मानतात. 1974 साली एकत्र आलेल्या चौघांचा एकमेकांशी नात्याचा काही संबंध नव्हता, पण चौघांनीही ‘रॅमोन’ हे एकच आडनाव घेतलं. कवठेकर, सातारकर, नारायणगावकर अशी गावांची आडनावं लावणाऱ्यांना हे लगेच कळेल. गाणी दोन-अडीच मिनिटांची, सूर मोजके, आवाज कर्कश, आणि बँडनं गावोगाव फिरून दोन हजारांवर कार्यक्रम केले. पैसा मात्र फारसा कधी आला नाही. 1996 मध्ये त्यांनी बँड बंद केला. त्यानंतर 2001, 2002 आणि 2004 मध्ये एकेक जण गेला आणि 2014 मध्ये मूळ चौघांतला शेवटचाही गेला. रॅमोन्सना बँड बंद करता आला. शंभराच्या आसपास माणसांना उचल देऊन बसलेल्या फडमालकाला ती चैन परवडत नाही.

फड चालू राहतो म्हणजे नेमकं काय होतं, हेही पाहायला हवं. माणूस गेला तरी त्याच्या जागा रिकाम्या ठेवता येत नाहीत, कारण एकाच माणसाच्या अनेक जागा असतात. गणाला तो झीलकऱ्यांत उभा असतो, गवळणीत पेंद्या होतो, वगात प्रधान किंवा हवालदार. सकाळी तंबू उतरवताना दोरही तोच ओढतो. म्हणून गेलेल्याची कामं चौघांत वाटली जातात. वग कुठं छापलेला नसतो. तो माणसांच्या तोंडात असतो, फार तर मालकाच्या पेटीतल्या एखाद्या वहीत. रोज रात्री विंगेत उभा राहून पाहणाऱ्या पोराला मोठ्यांची भाषणं पाठ असतात. असा पोरगा अर्ध्या दिवसात मिशी चिकटवून उभा राहतो. पहिल्या रात्री त्याचा आवाज मेलेल्या माणसासारखाच येतो, कारण त्यानं दुसरा आवाज ऐकलेलाच नसतो. त्याचा स्वतःचा आवाज यायला एक हंगाम जातो.

काही जागा मात्र अशा वाटून देता येत नाहीत. सांगलीजवळच्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ काळू-बाळू म्हणून महाराष्ट्रभर गाजले. ‘जहरी प्याला’ या वगातले त्यांचे दोन हवालदार पाहायला माणसं मैलोन्‌मैल बैलगाडीनं येत. सगळा विनोद दोन सारख्या चेहऱ्यांच्या गोंधळावर उभा होता. 2011 मध्ये लहू गेले. ढोलकीवाला बदलता येतो, नायिका बदलता येते, हरवलेला सारखा चेहरा कुठून आणणार?

नाव मात्र त्यानंतरही चाललं. कारण यात्रा कमिटी सुपारी माणसाला देत नाही, नावाला देते. चैत्राच्या तोंडावर नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. शिरूर, दौंड, जुन्नर, आंबेगाव, खेड, पारनेर इथल्या गावांची माणसं जीपमधून उतरतात आणि राहुट्या-राहुट्यांतून हिंडतात. कुणाच्या देवाची यात्रा कोणत्या तिथीला, गेल्या वर्षी कुणी वग अर्ध्यावर सोडला, नाचणाऱ्या पोरी किती, लाइट कसली, यावर घासाघीस होते. त्यात दोन पिढ्यांपूर्वी गेलेल्या मालकाचं नाव घेऊन एखादा म्हातारा म्हणतो, आमच्या गावात तोच फड येतो. त्या ‘तोच’ची किंमत हजारांत असते. पाटीवरून मेलेल्या माणसाचं नाव न पुसण्यामागं आदर असतोच, पण हिशेबही असतो.

2020 मध्ये गुढीपाडवा 25 मार्चला आला. देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. वर्षाची कमाई ज्या तीन-चार आठवड्यांत होते तेच आठवडे बंद झाले आणि पुढच्या चैत्रात पुन्हा तेच घडलं. उचल वाटून झालेली होती, व्याज चालू होतं, सुपारी एकही नाही. कांताबाई गेल्या त्या मे महिन्यात फड असा बसलेला होता. रोज रात्री हजारोंसमोर उभ्या राहिलेल्या बाईला फडाच्या रिवाजानं, ढोलकी-हलगी वाजवत निरोप देण्यासारखे ते दिवसच नव्हते. राज्यातले निर्बंध उठले 1 एप्रिल 2022 ला, पाडव्याच्या आदल्या दिवशी. राहुट्या पुन्हा लागल्या.

पण दुसरी एक अडचण करोनाच्या आधीपासूनची आहे आणि ती जाणारी नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी. वर्षातल्या मोजक्या दिवसांना राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. जुना तमाशा बाराला कुठं अंगात येत असे. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी झाली की मध्यरात्रीनंतर वग, आणि वग संपेतो तांबडं फुटायचं. गावात यात्रेची पालखी फिरून, जेवणं उरकून माणसं नऊला येतात. त्यांना दहापर्यंत काय दाखवायचं? वग छाटला जातो आणि सिनेमाची गाणी राहतात. आणि नुसती गाणीच बघायची तर त्यासाठी एवढ्या माणसांचा फड कशाला, असं कमिटीतली तरुण पोरं विचारतात. रांजणगावच्या एमआयडीसीत पगार घेणाऱ्या या पोरांच्या हातात आता वर्गणीची पावती-पुस्तकं आहेत. ती डीजे आणतात, गौतमी पाटीलसारख्या नर्तिकेचा कार्यक्रम ठरवतात. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. वग पाहायला त्यांना पहाटेपर्यंत कुणी बसूच दिलेलं नाही. मोमीन कवठेकरांसारख्यांनी लिहिलेल्या वगांचं खरं नुकसान त्यांच्या जाण्यानं झालं त्याहून जास्त या घड्याळानं केलं.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, चौफुल्याला, तमाशाचा दुसरा संसार आहे. इथल्या कला केंद्रांत संगीतबारीच्या पार्ट्या राहतात. फडाची कनात नाही, ट्रक नाही. बंद खोलीत बैठक, पेटी, तबला-ढोलकी, आणि मालकीण बहुतेक बाईच. पार्टी तिच्या नावानं ओळखली जाते, आणि ती थकली की बहीण, भाची किंवा मुलगी बसते. फडात जो प्रश्न कांताबाईंना 1964 मध्ये बाहेर काढून गेला, तो इथं सहसा तसा येत नाही, कारण हिशेबाची वही सुरुवातीपासून बाईकडेच असते. फडवाले संगीतबारीला जरा कमी लेखतात. वारशाच्या बाबतीत मात्र त्यांनी चौफुल्याकडून शिकायला हरकत नव्हती.

मे संपता संपता फड परततात. कनात वाळवून घडी घालतात, जनरेटर शेडमध्ये जातो, वादक आपापल्या गावी पांगतात. रघुवीर खेडकरांसारख्या मालकांपुढं तेव्हा पुढच्या हंगामाची माणसं बांधण्याचं काम असतं. चांगल्या ढोलकीवाल्याला दुसरा फड जास्त उचल देऊ करतोय, अशी बातमी जूनमध्येच येते. मग मालक पावसात मोटारसायकल काढतो आणि त्या ढोलकीवाल्याच्या गावी जातो.